सातची दोरी

लॉटरीचा पक्का आकडा मिळेल म्हणून कोणी हे वाचायला घेतलं असेल, तर त्याने पान उलटून पुढच्या लेखाकडे जावं. आकडा मी देणार नाही. पण तो कुठं लपून बसला होता आणि मी त्याला किती वर्षं भलत्याच ठिकाणी शोधलं, ते सगळं सांगतो.

माझं शिक्षण दुसरी. तिसरीत बसलो होतो, पण धान कापायच्या वेळी बापाने एक दिवस शाळेतून उठवून नेलं ते परत पाठवलंच नाही. भागाकार मला येत नाही. बेरीज मात्र अशी येते की समोरचा माणूस मोबाइल काढून बटणं दाबेस्तोवर माझं तोंडी होऊन जातं. मी लेख लिहितो म्हटल्यावर गावातले दोनचार शिकलेले हसले. मी म्हटलं, साकोलीच्या बस स्टँडवर तीस वर्षं मी वह्या लिहिल्या, त्या काय तुम्ही लिहून दिल्या? हाही मीच लिहिला आहे. ऱ्हस्वदीर्घ तेवढं छापणाऱ्यांनी पाहून घ्यावं.

धंदा काय होता ते आधी सांगतो, कारण आताच्या मोबाइलवाल्या पोरांना कागदाची लॉटरी माहीत नाही. एक टेबल, दोन बांबू, वर ताडपत्री. दोन बांबूंच्या मध्ये आडवी तार आणि तारेवरून खाली सोडलेल्या दहा दोऱ्या. प्रत्येक दोरीला कपडे वाळवायचे चिमटे आणि चिमट्यांना तिकिटं. ज्या तिकिटाच्या शेवटी शून्य ते पहिल्या दोरीला, एक ते दुसऱ्या, असं करत करत नऊपर्यंत. माझ्या डाव्या हाताला शून्य, उजव्या हाताला नऊ. ही दोऱ्यांची रीत माझी स्वतःची. इतर विक्रेते टेबलावर गड्ड्या पसरून ठेवत, वाऱ्याने उडाल्या की बसच्या चाकाखालून गोळा करत. माझं तिकीट तीस वर्षांत एकदाही उडालं नाही.

तिकिटं नागपूरच्या मोठ्या एजंटाकडून आणायची. आठवड्याच्या सोडतीची जी विकली गेली नाहीत ती आदल्या दिवशी त्याला परत. सोडत मुंबईला होते. निकालाचा कागद आला की लोक तिकीट घेऊन टेबलाशी येतात. मोठं बक्षीस असेल तर सरकारी कागदपत्रं, ओळखपत्र, चकरा. लहान बक्षीस, म्हणजे नुसता शेवटचा आकडा जुळला तर मिळतं ते, विक्रेत्याने जागेवर द्यायचं आणि लागलेलं तिकीट जमा करून नागपूरला पाठवायचं. एवढाच धंदा. मोठं बक्षीस माझ्या टेबलावरून दोनदाच गेलं. पोट चाललं ते लहान बक्षिसांवर, कारण ज्याला थोडं मिळालं तो परत येतो. ज्याला पुष्कळ मिळालं त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलंही नाही.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. एक कंडक्टर होते. सकाळच्या पहिल्या फेरीला जितकी माणसं बसली तितक्याचा शेवटचा आकडा घेत. एक म्हातारा खेड्यातून येई, तो निघताना तलावाच्या पाळीवर बसलेले बगळे मोजून येत असे. एकदा फार अडचणीत सापडला. म्हणाला, "नत्थूभाऊ, मोजले तवा सहा होते. पाळ उतरलो आन् एक उडाला. आता सहा घेऊ का पाच?" मी म्हटलं, "दोन्ही घ्या जी, बगळ्याचा का भरोसा." दोन्ही घेतले. धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बाया दहाबारा जणी मिळून एक तिकीट घेत आणि ते कोणाच्या घरी ठेवायचं यावर भांडत. शेवटी मारुतीच्या देवळात शेंदराच्या डबीखाली ठेवत.

या सगळ्यांना मी मनातून हसत असे. बगळ्यावरून कुठं आकडा कळतो? माझं तसं नव्हतं. माझ्याजवळ वही होती.

वहीची सुरुवात अशी झाली. लागलेली तिकिटं नागपूरला पाठवायच्या आधी मी एकदा चाळत असे. एका पावसाळ्यात लक्षात आलं की गड्डीत सात फार. सातच्या तिकिटांना रबर लावलं तर गड्डी फुगते आणि शून्याची तिकिटं चिमटीत मावतात. मला नवल वाटलं. आपल्याकडे धान मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि दर मापाला बाजूला एक रेघ ओढतात. मी त्याच रीतीने वही सुरू केली. पानावर शून्य ते नऊ असे दहा रकाने, वर 'लाभ' लिहिलेलं, आणि लागलेल्या प्रत्येक तिकिटाला एक रेघ. वर्ष संपलं तेव्हा सातचा रकाना पान ओलांडून मागे गेला होता. शून्याचा अर्ध्यावरच थांबलेला. पुढच्या वर्षी तसंच. त्याच्या पुढच्या वर्षीही.

त्या वेळचा आनंद मला आजही आठवतो. मुंबईला मोठमोठे साहेब बसून सोडत काढतात, यंत्र फिरवतात, आणि त्यांच्या यंत्रात काय लपलं आहे ते साकोलीच्या बस स्टँडवर दुसरी शिकलेल्या माणसाला कळलं. मी पुष्कळ विचार करी. यंत्रातली सातची गोटी जड असेल का? का हलकी असल्याने वर येत असेल? पावसाळ्यात जास्त का फुगते? हिवाळ्यात कमी का? टेबलावर बसल्या बसल्या दुपारच्या सुस्तीत मी हेच करत असे. झोप आली नाही कधी.

माझी बायको यशोदा म्हणायची, "येवढं समजते तं तुमी काहून घेत नाही तिकीट?"

"विकणाऱ्यानं घेऊ नाही," मी म्हणायचो. हलवाई स्वतःची मिठाई खात बसत नाही, हा माझा नेम होता.

पण सांगायला नेम आड येत नव्हता. कोणी विचारलं, "नत्थूभाऊ, कोणता घेऊ?" की मी म्हणे, "सात." का, म्हणून विचारलं तर वही काढून दाखवी. हळूहळू स्टँडभर झालं. बाजूला भय्यालालची चहाची गाडी होती, तो चहा देता देता गिऱ्हाइकाला सांगे, "सात घेजो. नत्थूभाऊजवळ लिखापढी आहे." लांबून लोक येऊ लागले. वही पाहायला येत, पाया पडल्यासारखं पान चाळत. सातचा रकाना आणखी वाढला. मला वाटलं, सत्य आहे म्हणून वाढतं आहे.

डोमाजी त्यातलाच, पण त्याची माझी ओळख वेगळी. आम्ही एका गावचे, एका वयाचे. तो भात गिरणीत चौकीदार होता, तीस वर्षं. दर आठवड्याला एक तिकीट, सातचंच. पुष्कळदा काही नाही, मधून कधी लहान बक्षीस. लागलं की भय्यालालकडे दोन चहा सांगे, एक माझा. मला 'नत्थू' म्हणणारी स्टँडवर दोनच माणसं, एक तो आणि एक माझा चुलता. चुलता वारला, मग तो एकटाच.

गिरणी बंद पडली तेव्हा मालकाने चौकीदाराला एकरकमी पैसे दिले. त्याची बायको सखूबाई, तिच्या मनात पुष्कळ वर्षांपासून आटाचक्की. त्यांच्या टोलीवर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवर, चक्की नव्हती, बाया डोक्यावर दळण घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला जात. पैसे आल्यावर तिने पडवीत चक्कीसाठी ओटाही बांधून घेतला.

याच्या थोडं आधी माझं टेबल हललं होतं. हायवे रुंद करायचा म्हणून सगळी दुकानं उठवली. मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, कडुनिंबाजवळ बसू लागलो. तेच बांबू, त्याच दोऱ्या, डाव्या हाताला शून्य, उजव्या हाताला नऊ. आणि तीनचार महिन्यांत वहीत गडबड सुरू झाली. सात थंडावला. दोनच्या रेघा वाढू लागल्या. दोन, ज्याला मी जन्मात कोणाला घे म्हणून सांगितलं नव्हतं.

मी चक्रावलो. मुंबईवाल्यांनी यंत्र बदललं का? नवीन गोटी आली का? वर्षं मागे जाऊन वह्या काढल्या, पानं जोडून पाहिली. काही उलगडेना. पण लोकांना सांगताना मी सातच सांगत राहिलो. तीस वर्षं ज्या शब्दावर उभा राहिलो तो चार महिन्यांसाठी बदलायला मी काही वाऱ्यावरचं तिकीट नव्हतो. हट्ट म्हणा. मी तेव्हा त्याला इमान म्हणत होतो.

अशात दिवाळीचा बंपर जाहीर झाला. बंपरला नियम वेगळा. तिकीट महाग, एजंट परत घेत नाही, आणल्यावर ती विक्रेत्याची. डोमाजी एका दुपारी आला, इकडं तिकडं पाहून टेबलाशी वाकला आणि म्हणाला, "नत्थू, बंपरची सातची जितकी भेटन तितकी आण. सगळी मी घेतो."

"सगळी?"

"एकाचे पाच होतेत का नाही शेवटच्या आकड्यावर? तूच तं सांगतेस. एक चक्की घ्याची तं पाचीचे पैसे होतीन. टोलीले एक, साकोलीले एक, मंग भाड्यानं देईन." तो चेष्टा करत नव्हता. "सखूले सांगू नको. तिले वाटते पैसे पेटीत आहेत, आन् पेटीतच आहेत. तिकिटं आली का काढीन."

मला तेव्हा काय वाटलं ते खरं लिहितो. भीती वाटली नाही. अभिमान वाटला. एक माणूस आपलं सगळं माझ्या वहीवर लावतो आहे. मी नागपूरला गेलो, पदरचे पैसे घातले आणि बंपरच्या सातची जाड गड्डी रुमालात बांधून आणली.

सोडतीला तीन दिवस होते. बाजाराचा दिवस. सखूबाई भाजी घेऊन टेबलाशी आली. ती वर्षातून एखाद्या वेळी दिवाळीचं म्हणून एक तिकीट घेत असे.

"एक द्या जी, नत्थूभाऊ. साधंच द्या, मोठं नाही."

"घ्या ना. कोणतं पाहिजे?"

तिने हात वर केला आणि चिमट्यातून तिकीट ओढलं. दोनचं.

मी आधीच त्या दोनच्या कोड्याने हैराण. म्हटलं, "दोनचंच काहून घेतलं, बाई?"

"काहून म्हंजे? हातापाशी होतं म्हणून." ती हसली. "मले का आकडे समजतेत? थ्या पलीकडच्या दोरीवरी जाऊ का आता, एवढी पिशवी घेऊन?"

मी म्हटलं, "चक्की कधी येऊन राहिली?"

"हे म्हणतेत दिवाळी होऊ द्या. काय जी, माहा ओटा तयार आहे. सिमेंट लावल्यापासून रोज दोनदा पाणी मारून राहिली मी त्याच्यावर. शेजारीण म्हणते, ओट्यावर धान उगवन आता." पैसे देऊन ती गेली.

मी बसून राहिलो. हातापाशी होतं म्हणून.

मग मी उठलो, टेबलाच्या पुढं गेलो आणि गिऱ्हाइकासारखा उभा राहून स्वतःच्या दोऱ्या पाहिल्या. तीस वर्षांत हे कधी केलं नव्हतं. मी नेहमी मागून पाहिल्या. दुपारचं ऊन इथं माझ्या बसायच्या डाव्या बाजूने येतं, म्हणून ताडपत्रीची झडप मी डाव्या बांबूला बांधली होती. शून्य आणि एक त्या झडपेआड. स्टँडवरून माणसं येतात तीही डावीकडूनच. त्यांच्या हाताला पहिली उघडी दोरी लागते ती दोनची. आणि रस्त्याच्या त्या बाजूला होतो तेव्हा? तिथं ऊन उजवीकडून, झडप उजवीकडे, आठ आणि नऊ झाकलेले, माणसं उजवीकडून. पहिली उघडी दोरी सातची, आणि पावसाळ्यात झडप दिवसभर सोडलेली, हिवाळ्यात बरेचदा गुंडाळलेली. बस दोन मिनिटं थांबते, माणूस धावत येतो, हाताला लागेल ते ओढतो.

मुंबईच्या यंत्रात काही नव्हतं. माझ्या झडपेत होतं.

तरी मन मानेना. दोरीमुळे लोक सात जास्त घेतात, ठीक. पण लागतो कसा जास्त? निकालाचे जुने कागद मी टेबलाखाली एका तारेत खोचून ठेवत असे, पुष्कळ वर्षांचे, कधी कोणी भांडलं तर दाखवायला. ते काढले. कोरी वही घेतली आणि यावेळी तिकिटाला नाही, सोडतीला एक रेघ ओढली. सोडतीत सात पडला, एक रेघ. शून्य पडला, एक रेघ. दोन दिवस तेच केलं. भय्यालाल चहा ठेवून जाई, तो थंड होई. शेवटी पाहिलं तर दहाही रकाने भावंडांसारखे, कोणी दोन बोटं उंच, कोणी दोन बोटं ठेंगणा. सात मधेच कुठंतरी उभा.

आता समजलं की मी काय करत होतो. सात पडला की माझ्याकडे गड्डीभर तिकिटं येत, कारण सात गड्डीभर विकलेले असत. शून्य पडला की दोनचार येत, कारण शून्य कोणी घेतलेच नसत. मी धान मोजल्यासारखा ढीग मोजत होतो. धान मोजणारा मापं मोजतो, खळ्यावर किती फेऱ्या झाल्या ते लिहीत नाही. मला फेऱ्या, म्हणजे सोडती, मोजायला हव्या होत्या. आणि मी सात सांगत गेलो, लोक सात घेत गेले, रेघा वाढत गेल्या, आणि त्या रेघा दाखवून मी आणखी लोकांना सात सांगितला. तलावाच्या एकाच कोपऱ्यात जाळं टाकायचं आणि म्हणायचं, मासे इथंच राहतात.

लपलेली गोष्ट सापडल्याचा आनंद मला त्याही वेळी झाला, हे कबूल करतो. खरी गोष्ट तर तीच होती. दुसऱ्याच क्षणी रुमालातली गड्डी आठवली.

दोन वाटा होत्या. गप्प बसायचं, गड्डी डोमाजीला द्यायची, पैसे घ्यायचे. सात पडणारच नाही असं तर नव्हतं. किंवा सांगायचं, आणि मग ती न परतणारी गड्डी माझ्या गळ्यात, आणि तीस वर्षांची वही सगळ्यांसमोर खोटी. मी रात्रभर कुशी बदलल्या असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं झालं नाही. त्या ओल्या ओट्याचं ऐकल्यावर ठरायला वेळ लागला नाही. वेळ लागणार होता तो शब्द तोंडातून निघायला.

सोडतीच्या आदल्या दिवशी डोमाजी कापडी पिशवी काखेत धरून आला.

"काढ," तो म्हणाला.

"बस डोमा. चहा सांगतो."

"चहा मागून. आधी माहे सात काढ."

"सातात काही नाही बे."

त्याला वाटलं मी मस्करी करतो. भय्यालाल गाडीवरून म्हणाला, "असं कसं म्हणता, नत्थूभाऊ? आमाले तं तुमीच सांगता."

"चूक झाली," मी म्हटलं.

हे दोन शब्द मी टेबलावर बसून पहिल्यांदा बोललो. आजूबाजूला पाचसहा माणसं होती, तीही थांबली. मी दोऱ्या दाखवल्या, झडप दाखवली, रस्त्यापलीकडची जुनी जागा दाखवली. जुनी वही आणि नवी वही शेजारी ठेवली. एवढं मन लावून मी कोणाला कधी काही समजावलं नव्हतं.

डोमाजीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दोरीनं का आकडा पडते? मुंबईले का तुही दोरी गेली?"

"अबे, तेच तं सांगून राहिलो. दोरीचा न् मुंबईचा काही संबंध नाही."

"मंग तीस वर्सं सात कसा पडला?"

"पडला नाही. विकला."

हळूहळू त्याचा चेहरा बदलला. राग नव्हता, काहीतरी उमगल्यासारखं होतं. "समजलं मले," तो म्हणाला.

मला बरं वाटलं. "समजलं ना?"

"हो. गड्डी हातात आली आन् तुही नियत फिरली. तीस वर्सं एक तिकीट नाही घेतलं तू, कायले? याच दिवसाले. आता सगळे सात तुहे, आन् आमी का करावं, दोऱ्या पाहाव्या?"

मी म्हटलं, "डोमा, माह्या लेकराची शपथ..."

"शपथ नोको खाऊ. तिकिटं दे. नगद देऊन राहिलो."

"नाही देत."

"काहून?"

"सखूबाईनं ओटा बांधला म्हणून."

तिचं नाव मी सगळ्यांसमोर घेतलं ते त्याला लागलं. त्याने पिशवी पुन्हा काखेत घेतली आणि भय्यालालच्या गाडीशी जाऊन उभा राहिला. पण तोवर गर्दी जमली होती, आणि गर्दीने त्याचंच ऐकलं होतं, माझं नाही. नत्थूभाऊ सातची गड्डी दाबून बसले, म्हणजे यंदा सात पक्का. लोक टेबलाला भिडले. मी म्हणत होतो, यात काही नाही, दहांपैकी एक आहे, दुसरं काही नाही. जितकं म्हणालो तितके हात पुढं आले. गड्डी घरी नेली असती तर डोमाजीचं म्हणणं खरं ठरलं असतं. मी ती दोरीला लावली आणि एका माणसाला दोनच तिकिटं, असं सांगून विकली. तासाभरात चिमटे रिकामे. शेवटची दोन मी डोमाजीसमोर धरली. "घे. सगळ्यांइतकी तुही."

"भीक नाही पायजे," तो म्हणाला आणि गेला.

भय्यालाल कप विसळता विसळता म्हणाला, "नत्थूभाऊ, खोटं बोलत होते तवा तुमचं बरं चाललं होतं." ती दोन तिकिटं त्यानेच घेतली.

बंपरची सोडत झाली. निकालाचा कागद मी स्टँडवर उघडला. शेवटचा आकडा सात.

यावर मी काय लिहू? दुसऱ्या दिवशी अर्धं स्टँड माझ्या टेबलाशी होतं. एकाचे पाच घेऊन जात होते आणि जाताना माझ्याकडे पाहून डोळा मारत होते. मी म्हणालो, योगायोग आहे. एक जण म्हणाला, "हो जी, असन योगायोग," आणि पुढच्या आठवड्याचं विचारलं. मी नव्या वहीत सातच्या रकान्यात एक रेघ ओढली. एकच. दहात एकदा पडतो म्हणजे कधीतरी पडणारच, हे मला डोक्याने समजतं. तो त्याच दिवशी का, हे मी पुष्कळ वेळा त्या वहीला विचारून पाहिलं आहे.

पैसे वाचले होते. सखूबाईने त्याच आठवड्यात पेटीची किल्ली नवऱ्याच्या कमरेची काढली, स्वतः जाऊन चक्की घेतली आणि ओट्यावर बसवली. टोलीवरच्या बायांची डोक्यावरची पायपीट संपली. डोमाजी चक्कीवर बसू लागला, पण माझ्याशी बोलणं बंद. गावात सांगत असे, नत्थूमुळे चार चक्क्या गेल्या. मी ते कधी खोडलं नाही. माझ्या सांगण्यावरून वर्षानुवर्षं सात घेणाऱ्या किती जणांना काहीच मिळालं नाही, ते मला अजून मोजता आलेलं नाही, आणि त्यातल्या एकानेही मला चोर म्हटलं नाही. ज्याला खरं सांगितलं त्यानेच तेवढं म्हटलं.

टेबल मी मागच्या वर्षी आवरलं. गुडघे चालत नाहीत आणि लोकही आता मोबाइलवरच काय काय खेळतात. निकाल मात्र पाहतो. सोडतीला एक रेघ, अजून चालू आहे. यशोदा म्हणते, आता कायले? मी म्हणतो, पाहू तरी.

दळण मी सखूबाईच्या चक्कीवरच नेतो. घराजवळ दुसरी निघाली आहे, तरी तिथंच. पहिल्या दिवशी ती डबा उतरवून घेत हळूच म्हणाली, "भाऊ, यांच्या मनात तुमी चोर आहा. माह्या मनात नाही. पर दोघांचंही मन ठेवा लागते, म्हणून दळणाचे पैसे पुरे घेते." मी म्हटलं, घ्या ना जी. डोमाजी यंत्राकडे तोंड करून बसलेला. असं दोन वर्षं.

या गणपतीच्या आधी तांदळाचं पीठ करायचं होतं. सखूबाई बाजारात गेलेली, चक्कीवर तो एकटा. डबा ठेवून मी बाकावर बसलो. त्याने तांदूळ ओतला, चक्की सुरू केली आणि मग अर्ध्यात बंद केली.

"नत्थू," तो म्हणाला.

दोन वर्षांनी माझं नाव कोणी असं घेतलं होतं. "काय?"

"थ्या दिवशी सात पडन हे तुले खरंच माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"मी गड्डी घेतली असती तं?"

खोडता आलं असतं, दोऱ्या परत समजावता आल्या असत्या. "घेतली असती तं पाच चक्क्या आल्या असत्या," मी म्हटलं. "माह्या पायी गेल्या."

त्याने मान हलवली. हातावरचं पीठ धोतराला पुसलं.

"येवढंच ऐकाचं होतं मले," तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा पट्टा चढवला. चक्कीच्या आवाजात पुढचं काही बोलता येण्यासारखं नव्हतं. दळण होईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.